तिसरे 'वाय', पाचवे 'टी'

इ. स. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने कठीण शब्दांचा एक छोटेखानी कोश छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्या कोशात शब्द कसा पाहावा हे वाचकांस समजावून देणे त्याला प्रस्तावनेत भाग पडले. कारण शब्द वर्णानुक्रमाने लावण्याचा शिरस्ता त्या काळच्या सामान्य वाचकाच्या अंगवळणी पडलेला नव्हता. शब्दाचा आरंभ 'ए' या वर्णाने होत असेल तर ग्रंथाच्या प्रारंभी पाहावे, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे वळावे, अशी बिगारीतल्या मुलास द्यावी तशी सूचना त्याने प्रौढ स्त्रीपुरुषांस दिलेली आहे. जेमतेम अडीच हजार शब्दांचा हा संग्रह इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश समजला जातो. पुढे १७५५ साली डॉक्टर जॉन्सनचा सुमारे ४२ हजार शब्दांचा कोश निघाला, त्यानंतर तर कोशांचे खंडच्या खंड निघाले. परंतु ज्याला शब्दाचे आद्याक्षर ठाऊक असेल त्यालाच आत प्रवेश, हा कॉड्रीच्या वेळचा दंडक या सर्व ग्रंथांनी निमूटपणे पाळला.

शब्द समोर आहे आणि अर्थ हवा आहे, अशा वाचकाची या व्यवस्थेने उत्तम सोय होते. परंतु ज्याला शब्दाचा आरंभ ठाऊक नसून त्याची केवळ लांबी आणि अधलीमधली एकदोन अक्षरे ठाऊक आहेत, त्याने कोश उघडणे म्हणजे नावनिशीवार लावलेल्या दफ्तरात उंची आणि गालावरचा तीळ एवढ्याच खुणा सांगून इसम हुडकू लागण्यासारखे आहे. शब्दकोडे सोडविणारा, स्क्रॅबलचे ठोकळे पुढ्यात मांडून बसलेला, सांकेतिक लिपी फोडणारा, किंवा वाळवीने खाल्लेल्या दस्तऐवजातील गाळलेली जागा भरू पाहणारा अभ्यासक, हे सर्व एकाच पंक्तीतले याचक होत. त्यांची गरज भागविण्यासाठी माणसाने ज्या नाना खटपटी केल्या, त्यांची हकिकत या प्रकरणात सांगावयाची आहे.

उदाहरणादाखल एकच शब्द घेऊ. आणि तो घेताना मराठी वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षर असल्यास सबंध जोडाक्षर, सुखाने नांदते. इंग्रजीत मात्र प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक व्यंजनाला स्वतंत्र घर द्यावे लागते, म्हणून आपल्या लेखी दोन अक्षरांत आटोपणारा 'क्रिप्ट' हा शब्द तेथे पाच घरे अडवितो. तर समजा, शब्द पाच घरांचा आहे, तिसऱ्या घरात 'वाय' आहे आणि पाचव्यात 'टी' आहे. बाकीची तीन घरे रिकामी आहेत. सव्वीस वर्णांतून तीन घरे भरण्याचे प्रकार होतात १७,५७६. ते एकामागून एक लिहून पाहणारा मनुष्य दोनतीन दिवसांत वेडा होईल. सरावलेला शोधक तसे करीतच नाही. 'वाय' हा शब्दाच्या मधोमध आला की तो बहुधा स्वराचे काम करतो, म्हणजे दुसरा स्वर असण्याचे विशेष कारण उरत नाही, हे तो प्रथम ताडतो. मग पहिल्या दोन घरांत आरंभी एकत्र नांदू शकणारी व्यंजनांची जोडी हवी, जसे 'सी' आणि 'आर' किंवा 'टी' आणि 'आर'. आणि चौथ्या घरात शेवटच्या 'टी'शी ज्याचे जमते असे 'पी', 'एस', 'एन', 'एफ' यांपैकी एखादे व्यंजन हवे. एवढा विचार होईतो सतरा हजारांचे पाचपन्नास होतात, आणि त्यांतून प्रार्थनामंदिराखालील तळघर या अर्थाचा 'क्रिप्ट' हा शब्द वर येतो. पाठोपाठ दुसराही येतो: 'ट्रिस्ट', म्हणजे संकेताची भेट; १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी नियतीशी केलेल्या संकेताचा उल्लेख केला आणि इंग्रजी वाङ्मयाशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता अशा हिंदी जनांच्याही कानी तो शब्द पडला. तिसरा शब्द मात्र आपल्या सगळ्या तर्काला चकवा देतो, कारण तो 'ई' या स्वराने सुरू होतो: 'इजिप्त'. विशेषनाम म्हणून स्क्रॅबलमध्ये त्याला मज्जाव आहे. कोड्यात तो खुशाल येऊ शकतो.

आता याच चौकटीत तिसऱ्या घरी 'वाय'ऐवजी 'ई' ठेवून पाहावा. स्वीट, शीट, फ्लीट, ग्रीट, ग्रेट, ट्रीट, व्हीट, चेस्ट, गेस्ट, क्वेस्ट, इव्हेंट, एजंट, अलर्ट, थेफ्ट, इलेक्ट... वाचकाचा श्वास संपेल, यादी संपणार नाही. लांबी तीच, ज्ञात अक्षरेही दोनच. परंतु एका प्रसंगी शोध तिघांवर येऊन थांबला आणि दुसऱ्या प्रसंगी आपण जेथल्या तेथेच राहिलो. या सबंध विद्येचे मर्म मला येथे दिसते. अक्षर जितके सुलभ तितकी त्याची साक्ष हलकी, आणि अक्षर जितके दुर्मिळ तितकी ती वजनदार.

कोणते अक्षर किती सुलभ याची मोजदाद मुळात पंडितांनी केली नाही. ती केली व्यवहाराने. गेल्या शतकाच्याही मागे, १८३० ते १८४० या दशकात, सॅम्युएल मोर्स आणि त्याचा साहाय्यक आल्फ्रेड व्हेल हे तारायंत्राची लिपी सिद्ध करीत असता, जी अक्षरे वारंवार लागतात त्यांना आखूड खुणा द्याव्यात हा विचार पुढे आला; आणि कोणती अक्षरे वारंवार लागतात हे पुस्तके चाळीत न बसता छापखान्यातील खिळ्यांच्या खणांवरूनच ठरविण्यात आले. जुळारी मूर्ख नसतो. ज्या वर्णाचे खिळे जास्त लागतात तेच तो जास्त बाळगतो. त्या हिशेबात 'ई'चे १२ हजार खिळे निघाले, 'टी'चे ९ हजार, आणि अगदी तळाशी 'झेड'चे अवघे २००. म्हणून तारेच्या लिपीत 'ई' म्हणजे एक टिंब आणि 'टी' म्हणजे एक रेघ. पुढे ओटमार मर्गेनथेलरचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राच्या छापखान्यात चालू झाले, त्याच्या कळाही याच अनुक्रमाने उभ्या रांगांत बसविलेल्या होत्या. जुळणीत चूक झाली की ती ओळ रद्द समजावी अशी खूण म्हणून कामगार डावीकडच्या पहिल्या दोन रांगांवरून बोट फिरवून ओळ भरून टाकीत. आणि कधी ती ओळ काढून टाकावयाची राहून गेली की दुसऱ्या दिवशी गंभीर अग्रलेखाच्या मध्यभागी 'इटॉइन श्रड्लू' अशी निरर्थक शब्दावली छापून येई. इंग्रजी वर्णांचा लोकप्रियतेनुसार अनुक्रम तोच आहे.

परंतु खिळ्यांचा हिशेब आणि शब्दांचा हिशेब एक नव्हे, आणि येथे पुष्कळ हौशी शोधक ठेचकाळतात. छापील मजकुरात 'द', 'दॅट', 'धिस', 'विथ' हे शब्द पावलोपावली येत असल्यामुळे 'टी' आणि 'एच' यांचा भाव उगाच चढलेला असतो; कोशात हे शब्द प्रत्येकी एकदाच नोंदलेले असतात. कन्साइझ ऑक्सफर्ड कोशातील शब्दांची अक्षरवार गणना झालेली आहे, तीत 'ई' अकरा टक्क्यांहून किंचित अधिक भरते आणि अग्रस्थान सोडीत नाही. पण तिच्यामागे 'टी' नसून 'ए', 'आर', 'आय', 'ओ' ही मंडळी आहेत, आणि चालू मजकुरात सहा टक्क्यांच्या घरात असणारा 'एच' येथे निम्म्यावर, म्हणजे तीन टक्क्यांवर, घसरतो. 'क्यू'च्या वाट्याला एक पंचमांश टक्का येतो. म्हणजे एका 'क्यू'मागे सुमारे ५७ 'ई' असे प्रमाण पडते. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने मंदीच्या काळात स्क्रॅबलचा पूर्वावतार रचला, तेव्हा त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावरील अक्षरे मोजून 'ई'चे १२ ठोकळे ठेवले आणि 'क्यू' व 'झेड' यांचा एकेकच. परंतु 'एस'चे मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, कारण कोणत्याही नामाला 'एस' चिकटवून अनेकवचनाची फुकटची कमाई करण्याचा मार्ग त्याला बंद करावयाचा होता. मोजणीवर विवेकाची ही दुरुस्ती मला त्या मोजणीहून अधिक मोलाची वाटते.

येथे एक शंका चाणाक्ष वाचक काढील. 'ई' असल्याची साक्ष जर इतकी हलकी, तर एकाने शब्द मनात धरावयाचा आणि दुसऱ्याने एकेक अक्षर विचारीत तो ओळखावयाचा, या खेळात प्रत्येक जण प्रथम 'ई'च का विचारतो? याचे उत्तर असे की साक्षीची किंमत आणि प्रश्नाची किंमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'क्यू आहे काय?' या प्रश्नाला होकार आला तर शोध जवळजवळ संपतोच. पण होकार येणार शेकडा एखाद्या वेळी, एरवी प्रश्न वाया गेला म्हणावयाचे. 'ई आहे काय?' या प्रश्नाला होकार येवो वा नकार, उमेदवारांची यादी निम्म्याच्या आसपास कापली जाते. निम्मेनिम्मे कापणाऱ्या बारा प्रश्नांत ४,०९६ शब्दांतून एक निवडता येतो, हे साधे गणित आहे. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या लेखकाने सुमारे ५० हजार शब्दांची एक सबंध कादंबरी 'ई' वर्ज्य करून लिहिली आणि ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. चुकून बोट पडू नये म्हणून त्याने टंकयंत्राची ती कळ बांधून ठेवली होती म्हणतात. खटाटोप अचाट खरा. त्यापासून वाचकाला काय सुख झाले ते सांगवत नाही.

दुर्मिळ अक्षर आणखी एक उपकार करते: ते आपल्यासोबत सोबतीही घेऊन येते. 'क्यू'च्या मागोमाग 'यू' येणारच, इतका इंग्रजी लेखनाचा पायंडा पक्का असल्यामुळे एक घर सापडले की दुसरे विनासायास भरते. या नियमाला जे अपवाद आहेत त्यांतील बरेचसे अरबी मुळाचे आहेत, आणि म्हणूनच आपल्याला परके नाहीत. काजी, तलाक, फकीर, नकाब, बुरखा हे शब्द रोमन लिपीत शिरताना अनेकदा 'क्यू' घेऊन शिरले आणि 'यू'ला त्यांनी दारातच थांबविले. पेशवाईतील कागदपत्र वाचणाऱ्या आपल्याकडील एखाद्या अभ्यासकाला स्क्रॅबलच्या पटावर हे शब्द एखाद्या विलायती खेळाडूच्या आधी आठवले तर त्यात नवल मानू नये.

अक्षराइतकेच महत्त्व त्याच्या स्थानाला. इंग्रजीत 'व्ही'ने किंवा 'जे'ने संपणारे शब्द शोधूनही क्वचितच सापडतात. 'एन' आणि 'जी' ही जोडी शब्दाच्या शेवटी हजारदा येते, आरंभी जवळजवळ कधीच नाही. पण या सवयींवर फाजील विसंबणाऱ्याची फजितीही होते. सात घरांचा शब्द आहे, त्यात 'आय', 'एन' आणि 'जी' आहेत, असे कळताच मॉर्निंग, इव्हनिंग, रीडिंग अशा शब्दांच्या सवयीने शोधक ही तीन अक्षरे शेवटच्या तीन घरांत शाईने लिहून मोकळा होतो, आणि मग आडवा शब्द त्याला सांगतो की सहाव्या घरात 'एन' नसून 'जी' आहे. आता सगळे बिघडले असे वाटत असता, शेवटी 'जी-एन' असणारे शब्दही इंग्रजीत आहेत याची आठवण होते आणि 'फॉरिन' हा अगदी परिचित शब्द समोर उभा राहतो. त्यातील 'जी' उच्चारात लुप्त झाला आहे, म्हणूनच तो कानाने शोधणाऱ्याला सापडत नाही. शिसपेन्सिलीने लिहावे, ही जुन्या कोडेबाजांची ताकीद वृथा नव्हे. १९२४ साली सायमन आणि शुस्टर यांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले तेव्हा प्रत्येक प्रतीला पेन्सिल जोडलेली होती.

शब्दकोडे हा प्रकार त्याआधी दहाअकरा वर्षांचा. मूळच्या लिव्हरपूलच्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे दिले, ते शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. १९२४ च्या सुमारास या नादाने अमेरिका इतकी झपाटली की न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या अहवालात कोडेबाजांविरुद्ध गाऱ्हाणे मांडावे लागले; कोश आणि ज्ञानकोश यांच्याभोवती त्यांचा गराडा पडून खऱ्या अभ्यासकांना ग्रंथ मिळेनासे झाले होते. लंडनच्या 'टाइम्स'ने बराच काळ नाक मुरडून अखेर १ फेब्रुवारी १९३० पासून आपले कोडे चालू केले.

या गर्दीला कोशाची नवी मांडणी हवी होती, आणि तिचा एक नमुना फार पूर्वीच सिद्ध झालेला होता. जॉन वॉकर हा रंगभूमी सोडून वक्तृत्वशिक्षक झालेला गृहस्थ. त्याने १७७५ साली असा कोश काढला की ज्यात शब्द शेवटच्या अक्षरावरून, मग उपांत्य अक्षरावरून, असे उलटे लावलेले होते. यमकासाठी कवींना तो उपयोगी पडला, आणि शब्दाचे शेपूट तेवढे हाती असलेल्या कोडेबाजालाही. दुसरी युक्ती लांबीवार याद्यांची: पाच घरांचे शब्द एका भागात, सहांचे दुसऱ्या भागात. तिसरी मला सर्वांत चतुर वाटते. शब्दातील अक्षरे वर्णानुक्रमाने लावून तो नवा समूह हीच त्या शब्दाची खातेवारी ठरवावयाची. 'लिसन' या शब्दाची सहा अक्षरे अशी लावली की ई, आय, एल, एन, एस, टी हे खाते तयार होते. आणि त्याच खात्यात सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल आणि इनलेट्स हेही शब्द आपोआप जाऊन बसतात. हाती आलेले ठोकळे कितीही उलटेसुलटे असोत, ते क्रमाने लावले की खाते एकच निघते आणि शोध क्षणात पुरा होतो.

हे सारे मुळात शक्य का व्हावे, याचा उलगडा १९४८ साली क्लॉड शॅनन या बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञाने आपल्या संदेशवहनावरील प्रबंधात केला, आणि गंमत अशी की तो करताना त्याने शब्दकोड्याचाच दाखला दिला. भाषेत जर काहीच पुनरुक्त वा अनुमेय नसते, तर कोणतीही अक्षरपंक्ती शब्दच ठरली असती आणि घरे वाटेल तशी भरली तरी कोडे तयार झाले असते. उलट भाषेचे निर्बंध फार कडक असते, तर मोठे कोडे जुळविणेच अशक्य झाले असते. इंग्रजीतील अनुमेय भाग त्याने सुमारे निम्मा धरला, आणि तेवढ्यावर आडव्या-उभ्या दिशांची मोठी कोडी जेमतेम रचता येतात असे दाखविले. तो भाग जर एक तृतीयांश असता, तर लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन दिशांची कोडीही रचता आली असती. याच हिशेबाची दुसरी बाजू डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने जमविलेल्या पंचाक्षरी शब्दांच्या संग्रहात दिसते. पाच घरे भरण्याचे एकूण प्रकार १,१८,८१,३७६; त्यांपैकी शब्द म्हणून त्याने नोंदविले ५,७५७, म्हणजे दोन हजारांत एखादा. एक अक्षर बदलून एका शब्दावरून दुसऱ्यावर जाण्याचा जो खेळ लुइस कॅरलने १८७९ साली 'व्हॅनिटी फेअर'मध्ये चालू केला होता, त्या रीतीने क्नूथने हे सर्व शब्द परस्परांशी जोडून पाहिले, तेव्हा ६७१ शब्दांना एकही शेजारी नाही असे आढळले. आणि 'अलिप्त' या अर्थाचा इंग्रजी 'अलूफ' हा शब्द त्या अलिप्तांतच निघाला.

आता हे शोधकाम यंत्राकडे गेले आहे. बेल प्रयोगशाळेतच केन टॉम्पसनने १९७० नंतरच्या दशकात 'ग्रेप' नावाचे जे साधन रचले, त्याला टिंब, टिंब, 'वाय', टिंब, 'टी' एवढे लिहून दिले की दोन लाखांवर शब्दांची फेरिस्त ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून देते. २०२१ अखेर लोकप्रिय झालेला जॉश वॉर्डलचा पंचाक्षरी 'वर्डल' हा खेळही अशा यंत्राला अवघड नाही. यंत्राचा दोष एकच: बसणारा प्रत्येक शब्द ते देते, कोणता नेमका हवा हे त्याला सांगता येत नाही.

आणि हाच प्रश्न एकदा आपल्याकडे न्यायासनापुढे गेला होता. शब्दकोड्यांवर भारी बक्षिसे लावण्याचा धंदा स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात बोकाळला. मुंबई सरकारने १९४८ मध्ये सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला, आणि १९५२ मध्ये दुरुस्ती करून परप्रांतात छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत घेतल्या. त्याविरुद्ध बंगळूरहून साप्ताहिकातून कोडी चालविणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या मंडळीने दाद मागितली. मध्यंतरी केंद्र सरकारचाही १९५५ चा कायदा आला. अक्षरे, शब्द किंवा अंक यांची रचना, मांडणी वा जुळणी ज्यात करावयाची अशा कोणत्याही कोड्यासाठी बक्षीस लावणे, अशी स्पर्धेची व्याख्याच त्याने केली, आणि महिन्याकाठी एक हजार रुपयांवरील बक्षिसांस व दोन हजारांवरील प्रवेशिकांस मनाई केली. एका घरात दोन शब्द सारख्याच हक्काने बसत असतील आणि संयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे जुळेल तोच विजयी ठरत असेल, तर तेथे विद्वत्तेचा संबंध उरत नाही. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांचा निकाल दिला: जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, मुंबई सरकारचा कर कायदेशीर आहे, आणि ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिला १९५५ चा कायदा लागूच होत नाही.